कॉलेजप्रवेशाच्या ऑनलाइन प्रणालीचा नमुना बनवतोय : पहिला स्क्रीन कोणता असावा?

ओहोटी | १४ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एमएस्सी आयटी करतेय, पहिलं वर्ष. गाव गुहागर तालुक्यात. आमच्या तिघांच्या गटाला प्रोजेक्ट मिळालाय : विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी ऑनलाइन प्रवेश आणि नावनोंदणी. बारावीच्या निकालानंतर अर्ज करण्यापासून विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) हातात पडेपर्यंत सगळं. खरी प्रणाली नाही, फक्त प्रोटोटाइप. मॅडमनी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ दिलाय.

पहिल्याच दिवशी गटात भांडण. एक म्हणतो लॉगिनपासून सुरू करू. दुसरी म्हणते आधी डॅशबोर्ड, परीक्षकांना तोच आवडतो. मी म्हणत होते आधी फॉर्म. शेवटी आठवडाभर बसून अठ्ठावीस स्क्रीन रंगवले (त्यातले दोन तास निळ्याच्या तीन छटांवर वाद) आणि काल मावसभावाला दाखवले. तो यंदा बारावीला होता. दोन मिनिटं बघून म्हणाला, "मस्त झालंय ताई. पण मला कशाला दाखवतेस? फॉर्म तर सायबरवाला भरणार."

तेव्हापासून डोकं चालत नाहीये. तुमच्या किंवा मुलांच्या प्रवेशाच्या वेळी नेमकं कुठे अडलं होतं ते सांगाल का? आणि पहिला स्क्रीन कोणता असावा?

नारळपाणी | १४ एप्रिल, रात्री १०:०२

पहिला स्क्रीन : "सर्व्हर व्यस्त आहे, नंतर प्रयत्न करा." वास्तवदर्शी प्रोटोटाइप हवा ना? (हलके घ्या.)

आये_सांगता | १४ एप्रिल, रात्री १०:३१

माझ्या चेडवाच्या वेळेक फोटो तीन येळा परत इलो. पयलो मोठो, दुसरो बारको, तिसऱ्याक म्हणता मागची भिंत पांढरी व्हयी. आता आमच्या घराक चिऱ्याची भिंत, गिलावो नाय, पांढरी खयसून हाडू? शेवटाक देवळाच्या भितीक उभी केलंय आणि फोटो काढलंय.

नारळपाणी | १४ एप्रिल, रात्री १०:३४

निकालात कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं, आणि पांढऱ्या भिंतीत नापास.

शंकासुर | १४ एप्रिल, रात्री ११:१५

मुळात नवीन प्रणाली कशाला? केंद्राचं 'समर्थ' आहे, दिल्ली विद्यापीठात बनलेलं, देशभरातली विद्यापीठं वापरतात. शिष्यवृत्तीला महाडीबीटी आहे, कागदपत्रांना डिजिलॉकर आहे, क्रेडिटना अकॅडमिक बँक आहे. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. त्यात तुमचं एक. पोरांच्या प्रोजेक्टला नाउमेद करायचं नाही, पण "हे आधीपासून असताना आपण काय वेगळं करतोय" याचं उत्तर पहिल्या पानावर लिहा. परीक्षक नक्की विचारतील.

ओहोटी | १४ एप्रिल, रात्री ११:४०

@शंकासुर, प्रश्न बरोबर आहे. आमचं उत्तर सध्या "शिकायला मिळेल" एवढंच आहे. दुसरं सापडलं की कळवते.

सायबर_लांजा | १५ एप्रिल, सकाळी ८:२०

तुमचा मावसभाऊ खरं बोलला. मी तोच सायबरवाला. म्हणजे त्याचा नाही, पण तसलाच. लांज्यात तेरा वर्षं दुकान आहे, आपले सरकार सेवा केंद्रही माझ्याकडेच. निकालानंतरचे पंधरा दिवस सकाळी शटर उघडायच्या आधी बाकड्यावर पोरं बसलेली असतात. एका फॉर्मला माझे दहा मिनिटं जायला हवेत, जातात चाळीस. कुठे जातात ते सांगतो.

ओटीपी. पोरगा माझ्यासमोर, मोबाईल नंबर आईचा, आई घरी, आणि घरात रेंज नाही. पोरगा शेजाऱ्याला फोन करतो, शेजारी आईला हाक मारतो, आई पाणंदीतून वर टेकावर जाते, मेसेज वाचायला येत नाही म्हणून कोणाला तरी दाखवते. तोपर्यंत ओटीपी मेला. पुन्हा पाठवा. तीनदा झालं की खातं चोवीस तास बंद. मग आम्ही काय करतो? माझा नंबर टाकतो. पण एका नंबरवर एकच खातं चालतं, म्हणून माझ्या गल्ल्यात पाच सिमकार्डं आहेत आणि कुठल्या सिमवर कोणाचा फॉर्म याची वही आहे. त्या वहीत पासवर्डही आहेत. चूक आहे, मला कळतं. पण पोरगं ऑगस्टमध्ये येऊन "दादा माझा पासवर्ड काय" विचारतं तेव्हा ती वहीच कामाला येते.

फोटो वीस ते पन्नास केबी, सही दहा ते वीस केबी, मार्कशीट पाचशे केबीच्या आत. का? कोणाला माहीत नाही. पोर्टलने स्वतःच लहान करून घ्यावं ना. मी जे पाच मिनिटांत करतो ते कॉम्प्युटरला क्षणाचं काम.

आणि तिसरं, लाईट. जूनचा पहिला पाऊस म्हणजे लाईट जाणारच. सात पानांचा फॉर्म, पाचव्या पानावर लाईट गेली की पहिल्यापासून सुरुवात.

दापोलीकर_बाबा | १५ एप्रिल, सकाळी ९:०५

आमच्या वाडीत रेंज मिळणारं आंब्याचं झाड होतं. खरंच सांगतो, त्याच्या खाली उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात ते पडलं. तेव्हापासून रेंजसाठी शाळेच्या मागच्या सड्यावर जातो. मोठ्या मुलीचा अर्ज त्याच महिन्यात होता, लाईट यायलाच कित्येक दिवस लागले. तारीख वाढवली होती, पण वाढवल्याची सूचना वेबसाइटवर. ती बघणार कशी?

देवगड_ते_हिंजवडी | १५ एप्रिल, दुपारी १:१०

लंच ब्रेकमध्ये लिहितोय. मी हेच काम करतो, स्क्रीन आखायचं, पुण्यात, अकरा वर्षं.

@ओहोटी, आधी ते अठ्ठावीस रंगीत स्क्रीन बाजूला ठेव. चांगले असतील, पण लवकर रंगवलेस. रंगीत स्क्रीन दाखवला की बघणारा रंगाबद्दल बोलतो. आणि दुसरा धोका मोठा : कोणा साहेबांना दाखवलास तर ते म्हणतील, "झालं की तयार! सोमवारपासून सुरू करा." मागे पडद्याखेरीज काही नाही हे त्यांना पटवता पटवता घाम फुटतो.

कोरे कागद घे. एका कागदावर एक स्क्रीन, पेनाने. समोर माणूस बसव, त्याला म्हण, "बारावी झालीय, कॉमर्सला प्रवेश घ्यायचाय, कर." तो बोटाने दाबेल, तू पुढचा कागद सरकव. ओटीपी आला की चिठ्ठी दे. म्हणजे कॉम्प्युटर तूच. कुडाळजवळ पिंगुळीला कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघितलायस ना? तसं. दोऱ्या ओढणारा मागे, समोरच्याला बाहुली बोलताना दिसते. चुकलं तर जागीच खोडून नवीन कागद. हे मॉनिटरवर करायला अर्धा दिवस जातो.

किती माणसांवर? स्क्रीन वापरायला किती सोपे यावर काम करणाऱ्या याकोब नीलसेनचं पाच जणांचं गणित प्रसिद्ध आहे. एका माणसाला सरासरी ३१ टक्के अडचणी सापडतात असं धरलं, तर पाच जणांत मिळून साधारण ८५ टक्के सापडतात. पण ते एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांसाठी. तुझ्याकडे निदान तीन प्रकार दिसतायत : विद्यार्थी, सायबरवाला, कॉलेजातला क्लार्क. प्रत्येकातले तीन-तीन घे.

शंकासुर | १५ एप्रिल, दुपारी २:३०

८५ टक्के हा आकडा त्या ३१ वर उभा आहे. एकतीसच्या जागी दहा धरा, पाच माणसांत निम्म्याही सापडणार नाहीत. सरळ हिशेब आहे. फॉर्म जितका किचकट, तितकं एका माणसाला कमी दिसतं. पाचावर थांबू नका.

देवगड_ते_हिंजवडी | १५ एप्रिल, दुपारी २:४४

मान्य. म्हणून तर पाच-पाचच्या फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत सापडलेलं दुरुस्त करून पुन्हा पाच. एकदाच पन्नास जणांवर चाचणी घेतलीत तर पन्नास जण त्याच दगडाला ठेचकाळतात.

फणसगरे | १५ एप्रिल, सायंकाळी ६:५०

मी निवृत्त कार्यालयीन अधीक्षक. एकतीस वर्षं एका कॉलेजच्या ऑफिसात काढली. (नाव आडनाव नाही, फणसाच्या गऱ्यांवरून घेतलंय, कापा असेल तर.)

सगळे फॉर्म भरण्याबद्दल बोलताय. फॉर्म भरून झाल्यावर तो माझ्या टेबलावर यायचा, खरा प्रवेश तिथे व्हायचा. त्याबद्दल सांगतो.

टेबलावर तीन ढीग असायचे. पहिला, सगळं बरोबर. दुसरा, त्रुटी : मार्कशीटची प्रत नाही, सही राहिली, फोटो चिकटवलेला नाही. आणि तिसरा, साहेबांना विचारा. हा तिसरा ढीग म्हणजे निम्मं ऑफिस. जात वैधतेचा अर्ज समितीकडे गेलाय, प्रमाणपत्र आलेलं नाही, पोच आहे. नॉन-क्रिमीलेअर गेल्या मार्चपर्यंतचंच आहे, तहसीलमधून नवीन यायचंय. मुलगी दुसऱ्या बोर्डातून आलीय, मायग्रेशन प्रमाणपत्र यायचंय, विद्यापीठाची पात्रता त्याशिवाय होत नाही. मुलाचं एक वर्ष बोटीवर गेलंय, गॅपचं प्रतिज्ञापत्र नाही. ह्यांतलं कोणीही चूक नाही आणि कोणीही पूर्ण नाही. आम्ही हमीपत्र लिहून घ्यायचो आणि अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचो : "१५ ऑगस्टपर्यंत वैधता आणतो म्हणाला, वडील भेटले."

मग ऑनलाइन आलं. पडद्यावर दोनच बटणं, मंजूर आणि नामंजूर. तिसरा ढीग गेला कुठे? कुठेच नाही. आम्ही मंजूर दाबायचो आणि आठवण म्हणून वेगळी वही ठेवायचो. दाबलं नाही तर पोराची जागा जाते. दाबलं तर ऑडिटला उत्तर आम्ही द्यायचं. तुम्ही म्हणता क्लार्क अडवतो. अहो, त्याला दोनच बटणं दिलीत, मग तो खोटं बोलतो किंवा अडवतो, तिसरं काय करणार?

बाई, तुमच्या नमुन्यात पेन्सिल ठेवा.

ओहोटी | १५ एप्रिल, रात्री ८:१५

काका, "पेन्सिल ठेवा" हे मी भिंतीवर लिहून लावलंय. आमच्या अठ्ठावीस स्क्रीनमध्ये क्लार्कचे दोन आहेत, आणि बटणं... दोनच.

(आणि मला अगं-तुगं करा, बाई काय!)

कोकणकन्या_एक्सप्रेस | १५ एप्रिल, रात्री ८:४०

वाखूसा (वाचनखूण साठवली). अवांतर : कापा गरे तळलेले की भाजलेले?

फणसगरे | १५ एप्रिल, रात्री ८:५२

तळलेले. भाजतात त्या आठळ्या.

मुक्ता | १६ एप्रिल, सकाळी ७:३०

ज्युनिअर कॉलेजात शिकवते, सिंधुदुर्गात. नावावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय.

बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी : पवार स्नेहल संतोष. आधारवर स्नेहल संतोष पवार. बँकेत नुसती स्नेहल पवार. शाळेच्या दाखल्यावर हाताने लिहिलेलं मराठी, त्याचं इंग्रजी स्पेलिंग कोणी डब्ल्यूने करतं, कोणी व्हीने. पोर्टल म्हणतं "नाव जुळत नाही". माणसाला दिसतं की ही एकच मुलगी आहे. दरवर्षी माझ्या वर्गातल्या दोन-तीन पोरींना यासाठी राजपत्राच्या किंवा प्रतिज्ञापत्राच्या मागे लागावं लागतं. स्टँपपेपर, नोटरी, तालुक्याच्या गावाला एसटीने जाऊन येणं, आणि वडिलांचा खाडा वेगळा.

दुसरं. "वडिलांचे नाव" ही चौकट सक्तीची कशाला? माझ्या एका विद्यार्थिनीला आईने एकटीने वाढवलंय. तिने त्या चौकटीत टिंब टाकलं. पोर्टलने टिंब घेतलं, आणि पुढे तिच्या ओळखपत्रावर नावाच्या मधोमध टिंब छापून आलं. वर्गात तिला काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

राज्य शासनाने १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी नावाचा क्रम बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा ठरवलाय. ती मुलं कॉलेजात येतील २०४२च्या सुमारास, पण चार भागांचं नाव मावेल अशी जागा आत्ताच ठेवा. "पहिलं, मधलं, आडनाव" अशा तीन चौकटी करून पुढच्यांच्या गळ्यात अडकवू नका.

नारळपाणी | १६ एप्रिल, सकाळी ७:४८

२०४२ साली "सर्व्हर व्यस्त आहे" हा स्क्रीन तरी बदललेला असू दे.

देवगड_ते_हिंजवडी | १६ एप्रिल, दुपारी १:२०

@मुक्ता +१. नावातच आणखी एक भूत आहे. 'कऱ्हाडकर' हे नाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतं. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर अगदी एकसारखं दिसतं. कॉम्प्युटरला दोन वेगळी नावं. क्लार्क शोधतो, सापडत नाही, तो नवीन नोंद करतो, आणि एका मुलाचे दोन अर्ज. कागदी नमुन्यात हे कळणार नाही, पण यादीत लिहून ठेव : शोधायच्या आधी दोन्ही रूपं एक करून घ्यायची.

आये_सांगता | १६ एप्रिल, दुपारी १:५५

म्हणजे माणूस तोच, भूत दोन? आमच्याकडे ह्याका गाऱ्हाणा घालतत.

बँकेतली_बाय | १६ एप्रिल, रात्री ९:३०

फीबद्दल. जुलैमध्ये आमच्या शाखेत रोज हेच : "पैसे कापले, पावती नाही, पोर्टल म्हणतंय पुन्हा भरा." आणि घाबरून लोक पुन्हा भरतात. दोनदा कापलेली फी परत मिळवायला कॉलेज बँकेकडे बोट दाखवतं, बँक पोर्टलकडे.

आत काय होतं ते सांगते. यूपीआयने किंवा कार्डाने भरल्यावर पैसे एका वाटेने जातात आणि "भरले" हा निरोप दुसऱ्या वाटेने पोर्टलकडे येतो. मध्ये रेंज गेली की विद्यार्थ्याचा ब्राउझर निरोप न घेताच बंद होतो. पैसे गेले, निरोप अडकला. पोर्टलला वाटतं भरलेच नाहीत.

करायचं एवढंच की फीच्या बटणाला हात लावायच्या आधी पोर्टलने स्वतःचा एक क्रमांक काढून ठेवायचा. निरोप आला नाही तर त्या क्रमांकाने पोर्टलनेच पेमेंट गेटवेला पुन्हा पुन्हा विचारायचं. उत्तर मिळेपर्यंत "पुन्हा भरा" हे बटण दाखवायचंच नाही. त्याऐवजी लिहायचं : "तुमच्या पैशांची चौकशी चालू आहे. पुन्हा भरू नका. तुमची जागा राखून ठेवली आहे." तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, लोक पुन्हा भरतात ते जागा जाईल या भीतीने.

फणसगरे काकांच्या तिसऱ्या ढिगासारखंच आहे हे. भरले आणि नाही भरले यांच्यामध्ये "विचारतोय" हवं.

शंकासुर | १७ एप्रिल, सकाळी १०:१०

हे सगळं छान. पण लांज्याच्या दादांची वही माझ्या डोक्यातून जात नाहीये. शेकडो पोरांचे पासवर्ड, आधार क्रमांक, जातीचे दाखले एका दुकानात. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या खालच्याला मूल धरतो आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. बारावी झालेली कितीतरी मुलं सतराची असतात. आणि आपण इथे सायबरवाल्याला "वापरणाऱ्यांचा एक प्रकार" म्हणून मान देतोय. तुम्ही प्रणालीत मध्यस्थाला खुर्ची दिलीत की तो तिथून उठणार नाही. पूर्वी त्याला दलाल म्हणायचे.

सायबर_लांजा | १७ एप्रिल, सकाळी ११:००

दलाल? साहेब, एका फॉर्मचे पन्नास रुपये घेतो, त्यात प्रिंट, स्कॅन, फोटो कापणं आलं. जिच्याकडे नाहीत तिच्याकडून घेत नाही. तुमच्या पोर्टलने सोपं केलं असतं तर माझं दुकान कधीच बंद झालं असतं, मी आनंदाने चहाची टपरी टाकली असती. खुर्ची मला कोणी दिली नाही. पोरं उभी होती, म्हणून मी स्टूल टाकलं.

मुक्ता | १७ एप्रिल, सकाळी ११:२५

@शंकासुर, शब्द मागे घ्या. मुद्दा बरोबर आहे, शब्द नाही.

शंकासुर | १७ एप्रिल, दुपारी १२:०५

घेतला. दादा, माफ करा, तुमच्याबद्दल नव्हतं. वहीबद्दल अजूनही आहे.

सायबर_लांजा | १७ एप्रिल, दुपारी १२:३०

वहीबद्दल माझंही आहे. मला तरी ती कुठे हवीय? घरात पाणी शिरलं तर आधी तीच उचलावी लागेल. (चिपळूणला २२ जुलै २०२१ला माझ्या साडूचं दुकान बुडालं. तीन वर्षांच्या फायली चिखलात. तेव्हापासून मी वही वरच्या फळीवर ठेवतो.)

देवगड_ते_हिंजवडी | १७ एप्रिल, दुपारी १:१५

मग भांडण संपवू. दादा आज काय करतात? पोराचं सोंग घेऊन लॉगिन करतात, कारण प्रणालीला दादा दिसतच नाहीत. त्यांना त्यांच्या नावाने येऊ द्या. केंद्रचालकाचं स्वतःचं खातं. पोरगा समोर बसून त्याला एका दिवसापुरती परवानगी देतो, रात्री बाराला ती आपोआप संपते. कुठली चौकट कोणी भरली याची नोंद राहते. पासवर्ड पोराकडेच. अर्ज मात्र शेवटी पोरगा स्वतः कायम करेल.

दापोलीकर_बाबा | १७ एप्रिल, दुपारी १:४०

आणि परवानगी द्यायला ओटीपी येणार. आईच्या फोनवर.

देवगड_ते_हिंजवडी | १७ एप्रिल, दुपारी १:४२

...बाबा, जेवू द्या हो.

फणसगरे | १७ एप्रिल, सायंकाळी ५:३०

सोपा उपाय. निकालानंतर शाळेत मार्कशीट घ्यायला प्रत्येक पोरगं स्वतः येतं. तिथेच एक बंद पाकीट द्या, आत एक वेळचा क्रमांक. बँका एटीएमचा पिन असाच पाठवायच्या. रेंज लागत नाही.

ओहोटी | १७ एप्रिल, रात्री १०:२०

हे मी कागदी नमुन्यात करून बघते! पाकीट तर खरंच पाकीटच असेल.

कोकणकन्या_एक्सप्रेस | १९ एप्रिल, रात्री ११:०५

प्रवेश रद्द करायचा रस्ता विसरू नका. माझ्या भाच्याने खबरदारी म्हणून बीएस्सीला प्रवेश घेतला, नंतर सीईटीच्या फेरीत इंजिनीअरिंग मिळालं. रद्द करायला गेला तर कॉलेजने मूळ कागद ठेवून घेतलेले. यूजीसीने २०१८ साली स्पष्ट सांगितलंय की मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, अडकवायची नाहीत. पोर्टलवर प्रवेश घ्यायला सात पानं होती, सोडायला एकही नाही. त्या जागेवर प्रतीक्षायादीतलं कोणी आलं असतं, ती पंधरा दिवस नुसती अडून राहिली.

फणसगरे | २० एप्रिल, सकाळी ८:००

खरं आहे. आम्ही ठेवायचो. मुलं न सांगता जायची म्हणून ठेवायचो, पण ते चूकच होतं.

ओहोटी | २४ मे, रात्री ११:३०

महिनाभर गायब होते. परीक्षा होती, मग कागद कापत होतो. आता वृत्तांत.

दोन फेऱ्या केल्या. पहिलीत नऊ जण : चार विद्यार्थी, दोन केंद्रचालक (एक आपले लांज्याचे दादा, त्यांनी दुपारची झोप मोडून वेळ दिला), तीन कॉलेजांतले क्लार्क. दुरुस्त करून दुसऱ्या फेरीत सात नवे. सगळं कागदावर, पेनाने. अठ्ठावीसचे अकरा स्क्रीन झाले.

मला वाटलं होतं फोटोवर सगळे अडतील. नाही अडले, कारण "कसलाही फोटो द्या, लहान आम्ही करतो" असं लिहिलं होतं. अडले ते प्रवर्गाच्या यादीवर. आम्ही विजा-अ (विमुक्त जाती), भज-ब, भज-क, भज-ड (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (इतर मागास वर्ग) अशी सगळी नुसती लघुरूपं एकाखाली एक टाकली होती. पोरांना स्वतःची जात माहीत असते, प्रवर्गाचं लघुरूप नाही. एका मुलीने इमावऐवजी विमाप्र दाबलं, शेजारी शेजारी दिसतात म्हणून. आता दाखल्यावर जे छापलंय ते जसंच्या तसं विचारतो आणि प्रवर्ग प्रणाली सुचवते, क्लार्क खात्री करतो.

लाईट गेल्याचं नाटक म्हणून मी मध्येच सगळे कागद उचलून घ्यायचे. पहिल्या फेरीत एक मुलगा वैतागून उठूनच गेला. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पानाच्या वर अर्जक्रमांक मोठ्या अक्षरात आणि "इथपर्यंत जपलं आहे" ही ओळ टाकली. कागद उचलले की लोक क्रमांक हातावर लिहून घ्यायला लागले! म्हणून आता पहिलं पान भरताच एक छोटी चिठ्ठी छापून मिळते.

आणि सर्वांत जास्त आवडलं काय? पेन्सिल. क्लार्कच्या स्क्रीनवर तिसरं बटण, "अटीवर मंजूर", त्याखाली दोन ओळींची मोकळी जागा आणि तारीख. एक मॅडम ते बघून हसल्या, टेबलाच्या खणातली वही काढून दाखवली. काका, तुमच्यासारखीच वही होती. मात्र त्यांनी एक विचारलं : लिहिलेलं विद्यार्थ्याला दिसणार का? आम्ही गडबडलो. शेवटी अट आणि तारीख त्याला दिसते, "वडील भेटले" हे फक्त ऑफिसला.

पाकिटाचा प्रयोग अर्धा फसला. सोळापैकी चौघांनी मी दिलेली पाकिटं अर्ध्या तासात हरवली.

फणसगरे | २५ मे, सकाळी ७:१०

चौघांनीच? चांगलं आहे. आमच्या वेळी हॉलतिकीट याहून जास्त हरवायची.

आये_सांगता | २५ मे, सकाळी ९:२०

शाबास गो बाय. पण त्या भितीचा काय झाला?

ओहोटी | २५ मे, सकाळी ९:४५

मावशी, "मागची भिंत कुठलीही चालेल, चेहरा स्पष्ट दिसू द्या." तुमच्यामुळे.

शंकासुर | २५ मे, सकाळी ११:३०

उत्तम काम. दोन राहिलेले प्रश्न. "हे आधीपासून असताना वेगळं काय" याचं उत्तर मिळालं का? आणि धाग्याचं शीर्षक : पहिला स्क्रीन कोणता?

ओहोटी | २५ मे, रात्री १०:००

दोन्हींचं उत्तर एकच निघालं. पहिल्या स्क्रीनवर लॉगिन नाही, डॅशबोर्ड नाही. एकच प्रश्न : "हा अर्ज आत्ता कोण भरत आहे?" खाली तीन पर्याय. मी स्वतः, घरचं कोणी, केंद्रचालक. त्यावरून पुढची वाट बदलते. ओटीपी कुठे जाणार, चिठ्ठी कोणाला, शेवटची मान्यता कोणाची. मी बघितलेल्या एकाही पोर्टलने हे विचारलेलं नाही. सगळे धरूनच चालतात की विद्यार्थी एकटा, शांत खोलीत, स्वतःच्या फोनवर.

मॅडमना दाखवलं. कागदाचा गठ्ठा बघून आधी त्यांचा चेहरा पडला. मग स्वतः बसल्या, आम्ही कागद सरकवले, आणि चौथ्या कागदावर त्याच अडल्या. आता तो कागद बदलतोय.

सायबर_लांजा | २६ मे, सकाळी ८:०५

पोरी, चौथा पर्याय टाक : कॉलेजचा शिपाई. आमच्याकडच्या कॉलेजात निम्मे फॉर्म तोच भरतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, साहेब जेवायला गेले की.

फणसगरे | २६ मे, सकाळी ८:३०

आमच्याकडेही. मी नाव घेत नव्हतो एवढंच.

ओहोटी | २६ मे, सकाळी ८:४१

दादा, तिसऱ्या फेरीला शिपाईकाका मिळतील का? सोमवारी गाडी पकडून येते.

सायबर_लांजा | २६ मे, सकाळी ८:५०

मिळतील. दुपारी तीननंतर ये, सकाळी रेशनकार्डाच्या ई-केवायसीची रांग असते. आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीतून आण, काल संध्याकाळी इकडे शिंतोडे पडलेत.